मिठावर पळणाऱ्या घरगुती गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजच्या शटरमागे, नोकरी सांभाळून, भंगारातल्या मालातून बांधलेल्या गाड्यांनी आटलेल्या तळ्यांच्या मिठावर जमिनीवरच्या वेगाचे विक्रम मोडले असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. मग प्रश्न सुरू होतात. मित्र, भाचे-पुतणे आणि त्यांच्या कॉलेजातली पोरं तेच ते प्रश्न विचारत आली, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बरीचशी गोष्ट अमेरिकेतली आहे, थोडी ब्रिटनमधली, आणि एक म्हातारा न्यूझीलंडचा.

‘घरी बनवलेली’ म्हणजे नक्की किती घरी?

इंजिन कुणी घरी ओतत नाही. ते फोर्डचं, क्रायस्लरचं, नाहीतर हवाई दलाच्या भंगारातलं असतं. टायर कंपनीचे असतात. कधी एखादी तेल कंपनी पैसेही देते. तरी गाडी घरगुती म्हणायची ती एका कारणासाठी: काय कापायचं, काय जोडायचं, किती जोखीम घ्यायची हे ठरवणारा माणूस आणि हातात ग्राइंडर धरणारा माणूस एकच असतो. पुष्कळदा स्टिअरिंगवरही तोच बसतो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड सीएन ७. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक आयरवर तिने ताशी ४०३.१० मैलांचा (सुमारे ६४९ किमी) विक्रम केला. तिच्यामागे ब्रिटनमधल्या कितीतरी कंपन्या उभ्या होत्या. सुंदर गाडी, पण ती या पानावरची नव्हे.

हे खूळ सुरू कुठे झालं?

कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी तळी आहेत. पाऊस पडला तर पाणी, एरवी भाजलेल्या मातीचं सपाट अंगण. १९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलं आणि काही वर्षांत तीच इंजिनं सेकंडहँड बाजारातून पोरांच्या हाती आली. मडगार्ड काढ, काच काढ, सायलेन्सर काढ, रात्री निघ आणि पहाटे तळ्यावर पळव, असा कार्यक्रम.

सुरुवातीला बऱ्याच गाड्या एका ओळीत एकदम सोडायचे. पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत, समोरचं काही दिसायचं नाही आणि अपघात ठरलेले. याला कंटाळून १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, स्थापन केली. नावातच ‘टायमिंग’ आहे. शर्यत शेजाऱ्याशी नाही, घड्याळाशी. हा एक बदल झाला नसता तर या खेळाचा तिथेच धुरळा झाला असता.

युद्धाच्या काळात म्युरॉक लष्कराने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्धावरून परतलेली पोरं मात्र पूर्वीची राहिली नव्हती. वेल्डिंग, पत्राकाम, विमानाची इंजिनं, हायड्रॉलिक्स हे सगळं सरकारी खर्चाने शिकून आली होती. तळी त्यांना अपुरी पडू लागली. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठावर पहिला ‘स्पीड वीक’ हा वेगाचा मेळावा भरवला.

विमानाच्या पेट्रोलच्या टाकीतून गाडी केली, ही खरी गोष्ट की दंतकथा?

अगदी खरी, आणि माझी सगळ्यात आवडती.

बिल बर्क युद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलात होता. लढाऊ विमानांना लांब पल्ल्यासाठी जादा टाक्या टांगत. पेट्रोल संपलं की टाकी हवेतच सोडून द्यायची. टाकीमुळे विमान मंदावू नये म्हणून तिचा आकार लांबट थेंबासारखा, पुढे गोल आणि मागे निमुळता. बर्कने त्या टाक्या पाहिल्या आणि त्याला पेट्रोल दिसलं नाही, गाडी दिसली.

१९४६ मध्ये त्याने पी-५१ मस्टँगची १६५ गॅलनची टाकी घेतली. इंजिन पुढे ठेवलं, स्वतः वर बसला आणि ताशी १३१ मैलांच्या (सुमारे २११ किमी) घरात पोचला. पण माणूस घोड्यावर बसल्यासारखा बाहेर, म्हणजे टाकीच्या आकाराचा फायदा छातीवर आदळणाऱ्या वाऱ्यात गेला. मग त्याने पी-३८ लाइटनिंगची आणखी मोठी टाकी शोधली. तिच्यात माणूस पुढे आत आणि इंजिन त्याच्या पाठीमागे. पुढची सगळी ‘बेली टँक’ (विमानाच्या पोटाखालची टाकी) घराणी याच मांडणीतून निघाली.

अॅलेक्स झिडियसची सो-कॅल स्पीड शॉपची टाकी यांतली सगळ्यात प्रसिद्ध. १९५२ मध्ये ती ताशी १९८ मैलांना (सुमारे ३१९ किमी) पोचली. झिडियसने स्वतःचं दुकान १९४६ मध्ये, लष्करातून सुट्टी झाली त्याच दिवशी उघडलं होतं. गाडी एकच, पण इंजिनं बदलून ती वेगवेगळ्या वर्गांत पळवायची ही त्याची शक्कल.

या टाकीतली खरी गंमत पैशाची आहे. हवा कशी कापायची याचा अभ्यास विमान कंपन्यांनी विंड टनेलमध्ये आधीच केलेला होता आणि त्याचा खर्च युद्धाने उचललेला होता. बर्कने तो अभ्यास भंगाराच्या भावात उचलला. मी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये काही वर्षं काढली आहेत. पातळ पत्र्याला दुहेरी गोलाई द्यायची म्हणजे काय नाकी नऊ येतात ते मला माहीत आहे. एकदा एक घुमट ठोकायला घेतला, चार दिवसांनी त्याचा आकार पिचलेल्या भोपळ्यासारखा झाला आणि वेल्डिंग करताना दोन ठिकाणी भोकं पडली ती वेगळीच. तयार थेंब विकत मिळत असेल तर मीही रांगेत उभा राहीन.

मीठच का? डांबरी धावपट्टी का नको?

लांबी. ताशी ४०० मैल वेगाने एक मैल ९ सेकंदांत संपतो. त्या वेगाला चढायला काही मैल लागतात आणि उतरायलाही. एवढी सरळ, सपाट आणि रिकामी पट्टी विमानतळावर मिळत नाही. बॉनव्हिल हा हिमयुगातल्या एका अवाढव्य तळ्याचा आटलेला तळ. हिवाळ्यात त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि वरचं मीठ पुन्हा बसतं. निसर्गच दरवर्षी पट्टी सारवून देतो म्हणा.

शिवाय ओलसर मीठ टायरला थंड ठेवतं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट, म्हणजे हवा विरळ. इंजिनाचा दम थोडा कमी होतो, पण वाऱ्याचा अडथळाही कमी होतो.

प्रत्यक्ष एक धाव कशी होते?

बहुतेकांना वाटतं, हिरवा दिवा लागला की गाडी सुसाट सुटते. तसं काही होत नाही. या गाड्यांचा पहिला गिअरच इतका लांब असतो की उभ्या जागेवरून निघायला गेलं तर क्लच जळेल. म्हणून मागून एक पिकअप ट्रक ढकलतो.

चालक आगरोधक कपड्यांत, पाठीवर जवळजवळ आडवा. पट्टे इतके आवळलेले की ते दुसऱ्यानेच ओढावे लागतात. गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून दंडही बांधलेले. समोर पुस्तकाएवढी काच. ट्रक ढकलत ढकलत चांगला हायवेचा वेग देतो, चालक क्लच सोडतो, इंजिन खोकून पेटतं, ट्रक बाजूला होतो. इथून पुढे चालक एकटा.

मीठ कडक दिसलं तरी टायर त्यावर सारखे घसरत असतात. आरपीएमचा काटा एक वेग सांगतो, घड्याळ दुसरा, आणि खरा घड्याळाचाच. पाय दाबून धरायचा, पण पूर्ण दाबायचा नाही. जास्त दाबला की मागचं पुढे यायला बघतं. मैलाचे फलक बाजूने जातात. ठरलेल्या मैलांमध्ये वेळ मोजली जाते, आणि शेवटचा मैल संपला की पाय उचलून पॅराशूट सोडायचं. कुणीतरी मागून कॉलर धरून खेचावं तसा झटका बसतो. ब्रेकला हात अगदी शेवटी.

बहुतेक गाड्यांना रेडिएटर नसतो. रेडिएटर म्हणजे वाऱ्याला केलेलं भोक. त्याऐवजी आत पाण्याची टाकी असते, तिच्यात बर्फ टाकतात. धाव मिनिटा-दीड मिनिटाची, तेवढं पाणी पुरतं.

आणि मग धुणं. मीठ प्रत्येक बोल्टच्या आट्यांत, प्रत्येक वायरच्या टोकाशी शिरलेलं असतं. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

रेकॉर्ड झाला असं कधी म्हणतात?

एकदा पळून चालत नाही. स्पीड वीकमध्ये आधीच्या विक्रमापेक्षा जास्त वेग काढला की गाडी ताब्यात घेतात, ठरावीक वेळेपुरतंच काम करू देतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळायला लावतात. दोन्ही धावांची सरासरी विक्रमापेक्षा जास्त हवी. जागतिक विक्रमाला मोटरगाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा (एफआयए) नियम आणखी कडक: एका तासाच्या आत उलट दिशेने परत या आणि सरासरी काढा. नाहीतर वारा पाठीशी घेऊन कुणीही पुढारी होईल.

वर्ग मात्र भरपूर. इंजिनाचा आकार, इंधन, बॉडीचा प्रकार यांच्या जोड्या लावल्या की शेकडो विक्रम तयार होतात. चाकं उघडी ती ‘लेकस्टर’, चाकं झाकलेली ती ‘स्ट्रीमलायनर’. बाहेरच्याला ही पळवाट वाटते. मला हाच या खेळाचा कणा वाटतो. छोटं इंजिन आणि छोटं पाकीट असलेल्या माणसालाही स्वतःचा एक आकडा मिळतो. बॉनव्हिलवर ताशी २०० मैलांपुढचा विक्रम केला की २०० एमपीएच क्लबात प्रवेश आणि डोक्यावर लाल टोपी. ती टोपी बाजारात मिळत नाही.

वजन कमी करतात ना?

उलट, शिशाची वजनं भरतात. हलकी गाडी मिठावर नुसती चाकं फिरवत बसते. जागा भरपूर असल्यामुळे हळूहळू वेग घेतला तरी चालतं, पण पकड गेली तर सगळंच गेलं.

ताकदीचं गणित मात्र क्रूर आहे. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यावर मात करायला आठपट ताकद लागते. २०० वरून ४०० कडे जाणं म्हणजे आणखी थोडं ट्यूनिंग नव्हे.

ताशी ४०० मैल आधी कुणी ओलांडले?

कसं मोजता त्यावर आहे, आणि इथेच मिकी थॉम्पसनचं घोडं अडलं.

थॉम्पसन लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला छपाई यंत्रावर काम करायचा. दिवसा गाडी. तेव्हाचा विक्रम इंग्रज जॉन कॉबचा, १९४७ मधला, ताशी ३९४.१९६ मैल. थॉम्पसनने पॉन्टिअॅकची चार व्ही-८ इंजिनं एका गाडीत कोंबली, चारही चाकांना ताकद दिली आणि नाव ठेवलं चॅलेंजर १. ९ सप्टेंबर १९६० रोजी बॉनव्हिलवर त्याने एका दिशेने ताशी ४०६.६० मैल (सुमारे ६५४ किमी) काढले. इतका वेग गाठणारा तो पहिला अमेरिकन. परतीच्या धावेत ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारा दांडा, तुटला. उलटी धाव नाही, म्हणजे सरासरी नाही, म्हणजे जागतिक विक्रम नाही. पुस्तकात कॉबच राहिला.

या गोष्टीला शेपूट आहे. १९६८ मध्ये थॉम्पसनने चॅलेंजर २ बांधली. पावसाने मीठ बुडालं, पैसा देणाऱ्यांनी हात आखडला आणि गाडी कोपऱ्यात गेली. १९८८ मध्ये थॉम्पसनचा खून झाला. पुढे त्याचा मुलगा डॅनी याने तीच गाडी बाहेर काढली, नवी इंजिनं बसवली, पदरमोड करत वर्षानुवर्षं तिच्यावर काम केलं आणि २०१८ मध्ये दोन धावांची सरासरी ताशी ४४८.७५७ मैल (सुमारे ७२२ किमी) नोंदवली. गाडी बांधल्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. बापाच्या परतीच्या धावेचं देणं मुलाने फेडलं असं लिहायचा मोह होतो, पण ती गाडी वेगळी होती आणि डॅनीलाही वेगाची हौस होतीच.

गोल्डनरॉड ही विक्रमी गाडी खरंच भाजीच्या गाळ्यात बनली का?

हो. बॉब आणि बिल समर्स या भावांनी कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावी, पूर्वी भाजी-फळं विकली जायची त्या शेडमध्ये ती बांधली. क्रायस्लरची चार हेमी इंजिनं एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी. लांबी ३२ फूट आणि अंग अगदी सडपातळ. १२ नोव्हेंबर १९६५ रोजी बॉबने ताशी ४०९.२७७ मैल (सुमारे ६५९ किमी) काढले. चाकांना ताकद देणाऱ्या पिस्टन इंजिनाच्या गाड्यांत हा आकडा १९९१ पर्यंत टिकला. तो मोडला अल टीग या आणखी एका घरगुती बांधणाऱ्याने, एकाच इंजिनावर: ४०९.९८६. पाव शतकानंतर फरक मैलाच्या तीन-चतुर्थांशाएवढाही नाही.

जेट इंजिन घरी आणून बसवणं शक्य आहे?

आर्ट आर्फन्सला शक्य झालं. ओहायोतल्या अॅक्रनचा हा माणूस, घरची पशुखाद्याची गिरणी. त्याने ड्रॅग रेससाठी (पाव मैलाची सरळ शर्यत) बांधलेल्या पहिल्या गाडीला ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग फासला आणि लोकांनी तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हटलं. नाव पुढच्या सगळ्या गाड्यांना चिकटलं.

साठच्या दशकात त्याने भंगारवाल्याकडून जनरल इलेक्ट्रिकचं जे-७९ इंजिन घेतलं, तेव्हाच्या लढाऊ विमानांत चालू असलेलं. काहीतरी आत शिरल्याने पाती खराब झाली म्हणून ते मोडीत निघालं होतं. त्याने कंपनीकडे माहितीपुस्तिका मागितली तर उत्तर मिळालं की ही गोपनीय बाब आहे, हे इंजिन तुमच्याकडे असूच शकत नाही. मग आर्फन्सने ते स्वतःच उघडलं, पाती एकेक तपासली, खराब झालेली काढली, आणि इंजिन अंगणात झाडांना बांधून चालू करून पाहिलं. शेजाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

ऑक्टोबर १९६४ मध्ये बॉनव्हिलवर जे झालं ते अजून विश्वास बसत नाही असं आहे. २ तारखेला त्याच्याच भावाच्या, वॉल्ट आर्फन्सच्या, विंगफूट एक्सप्रेसने ताशी ४१३.२० मैल काढले. दोघा भावांत तोपर्यंत बोलणं उरलं नव्हतं. ५ तारखेला आर्टने ४३४.०२ केले. १३ तारखेला क्रेग ब्रीडलव्ह आला, ४६८.७२. १५ तारखेला पुन्हा तोच, ५२६.२८. आणि २७ तारखेला आर्ट, ५३६.७१ (सुमारे ८६४ किमी). चार आठवड्यांत विक्रम पाच वेळा हलला.

ब्रीडलव्हने त्याची पहिली स्पिरिट ऑफ अमेरिका वडिलांच्या घरच्या गॅरेजमध्ये सुरू केली होती. जे-४७ जेट इंजिन, तीन चाकं. १९६३ मध्ये तिने ताशी ४०७.४५ मैल काढले, तर एफआयए म्हणाली तीन चाकांची ती मोटरगाडी नव्हे. मोटरसायकलवाल्या महासंघाने मात्र आनंदाने आपल्यात घेतली. १५ ऑक्टोबर १९६४ च्या धावेत तिची दोन्ही पॅराशूट तुटली, ब्रेक गेले, वाटेतला तारेचा खांब मोडला आणि गाडी मिठाच्या पाण्याच्या खड्ड्यात नाकावर बुडाली. ब्रीडलव्ह पोहत बाहेर आला आणि वर विनोद केला की आता पुढचा प्रयोग म्हणून स्वतःला पेटवून घेतो.

१५ नोव्हेंबर १९६५ रोजी त्याने नव्या गाडीने ताशी ६००.६०१ मैल (सुमारे ९६७ किमी) गाठले. वर्षभराने आर्फन्स तो आकडा मोडायला गेला. ६०० मैलांच्या वर असताना चाकाचं बेअरिंग जाम झालं आणि गाडीचे तुकडे मैलभर विखुरले. तो जिवंत राहिला.

बायका या खेळात होत्या का?

होत्या, आणि पहिल्यापासून. व्हीडा ऑर ही एससीटीएने प्रवेश दिलेली पहिली स्त्री चालक. युद्धात पोरं जगभर पांगली तेव्हा तिने क्लबांच्या बातम्यांचं पत्रक काढून सैनिकांना पाठवलं. गाड्या थांबल्या होत्या, खेळ त्या पत्रकाने जिवंत ठेवला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये ली ब्रीडलव्हने नवऱ्याची जेट गाडी चालवून ताशी ३०८.५०६ मैल काढले. त्यामागे एक कावाही होता. ब्रीडलव्ह कुटुंबाने पट्टी अडवून ठेवली की तेवढे दिवस आर्फन्स बाहेर.

जेसी कोम्ब्सबद्दल पुढच्या उत्तरात.

किती धोका असतो? माणसं गेली आहेत का?

गेली आहेत. १ ऑगस्ट १९६० रोजी सॉल्ट लेक सिटीचा गॅरेजवाला अॅथॉल ग्रॅहम स्वतः बांधलेल्या गाडीत बॉनव्हिलवर मरण पावला. विमानाचं अॅलिसन इंजिन, आणि गाडीचं नाव गावावरूनच ठेवलेलं. दोन वर्षांनी ग्लेन लीशर त्याच मिठावर जेट गाडीत.

एड शॅडल आणि कीथ झँगी यांनी एफ-१०४ लढाऊ विमानाचा टाकून दिलेला सांगाडा आणला आणि स्वयंसेवकांच्या जोरावर वर्षानुवर्षं राबून नॉर्थ अमेरिकन ईगल उभी केली. २७ ऑगस्ट २०१९ रोजी ओरेगॉनच्या अॅल्वर्ड वाळवंटात तिच्यात जेसी कोम्ब्सचा मृत्यू झाला. त्या दिवशीचा ताशी ५२२.७८३ मैलांचा (सुमारे ८४१ किमी) वेग पुढच्या वर्षी स्त्रियांचा जागतिक विक्रम म्हणून मान्य झाला. ती स्वतः उत्तम वेल्डर होती.

आज तपासणी कडक आहे. पिंजरा, आग विझवणारी यंत्रणा, ठरावीक वेगापुढे पॅराशूट, आणि नवख्याला पायरीपायरीनेच वरचा परवाना. यातला एकेक नियम कुणाच्या तरी अपघातानंतर आला आहे.

न्यूझीलंडच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट इथे बसते का?

त्याची मोटरसायकल होती, पण बसवतोच. इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रोने १९२० ची इंडियन स्काउट घेतली, जी मुळात ताशी ५५ मैलांपलीकडे जात नव्हती. पुढे आयुष्यभर तो तिचे पिस्टन शेडमध्ये जुन्या डब्यांत ओतत राहिला. फुटलेले भाग फळीवर मांडून ठेवले आणि वर लिहिलं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य. १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, त्याने बॉनव्हिलवर हजार सीसीखालच्या वर्गाचा विक्रम केला. सरासरी काढताना झालेली चूक त्याच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये आकडा ताशी १८३.५८६ वरून १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला. मन्रोला जाऊन तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

आता सगळं पैशावाल्यांचं झालं नाही का?

वरच्या टोकाला, हो. पिस्टन इंजिनवाल्यांत जॉर्ज पोटीटच्या स्पीड डीमनने २०२० मध्ये ताशी ४७०.०१६ मैल (सुमारे ७५६ किमी) नोंदवले. ते काम अंगणात होत नाही. ब्रिटनचा रिचर्ड नोबल पहा: त्याची पहिली थ्रस्ट १ ही गॅरेजातली खटपट होती, १९७७ मध्ये धावपट्टीवर उलटली आणि भंगारवाल्याला १७५ पौंडांना गेली. त्यातूनच पुढे १९८३ ची थ्रस्ट २ (ताशी ६३३.४६८ मैल) आणि १९९७ ची, आवाजाचा वेग ओलांडणारी थ्रस्ट एसएससी (ताशी ७६३.०३५ मैल, सुमारे १,२२८ किमी) आली. पण स्पीड वीकच्या रांगेत उभं राहिलात तर अजूनही बहुतेक ट्रेलरांमागे सुट्टी टाकून आलेलं कुटुंब असतं.

याचा साध्या गाड्यांना काय उपयोग झाला?

रॉकेटचा जसा निर्लेप तव्याला झाला म्हणतात तसं काही सांगणार नाही. उपयोग झाला तो माणसांतून. तळ्यावर वेग वाढवायला कॅमशाफ्ट घासणारा एड इस्केंडेरियन, मॅनिफोल्ड ओतणारा व्हिक एडेलब्रॉक, चाकांवर अॅल्युमिनियमच्या चकत्या लावणारा डीन मून, यांनी स्वतःसाठी केलेले भाग शेजाऱ्याने मागितले आणि त्यातून कारखाने झाले. १९६३ मध्ये या कारखानदारांची सेमा ही संघटना झाली. आज तिचं लास व्हेगासचं प्रदर्शन गाड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांपैकी आहे. एससीटीएच्या वॉली पार्क्सने १९५१ मध्ये ड्रॅग रेसची एनएचआरए ही संघटना काढली.

मीठ संपत चाललंय हे खरं का?

पातळ होतंय, हे खरं. शेजारी अनेक दशकं पोटॅशसाठी खारं पाणी उपसलं गेलं. १९९७ पासून खारं पाणी पुन्हा सोडून मीठ बसवण्याचे प्रयत्न झाले. कारण किती खाणीचं, किती हवामानाचं, यावर वाद आहे. पण एकेकाळी दहा मैलांहून लांब आखली जाणारी पट्टी आता त्याच्या निम्म्यावर भागवावी लागते. २०१४ आणि २०१५ चे स्पीड वीक लागोपाठ रद्द झाले, २०२२ चाही झाला. काही जण ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनरला जातात.

आपल्याकडे कच्छच्या रणात का करत नाहीत?

पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं, नंतर वर पापुद्रा आणि खाली चिखल. शिवाय मोठा भाग अभयारण्यात येतो. रस्त्यावरच्या गाडीत मनासारखे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, पण ती पाव मैलाची गोष्ट. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा वेगवान ट्रॅक आहे, तो चाचण्यांसाठी. या वृत्तीची माणसं शोधायची तर पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजता जा. बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणारी पोरं तिथे चहाच्या ग्लासांत नट-बोल्ट ठेवून बसलेली सापडतील.

जुन्या गाड्या आता कुठे बघायला मिळतात?

गोल्डनरॉड डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. काही खाजगी संग्रहात आहेत, काही बांधणाऱ्यांच्या नातवंडांच्या गॅरेजमध्ये.

आणि बॅब्स. काउंट लुई झ्बोरोव्स्कीने आपल्या केंटमधल्या वाड्यावर २७ लिटरचं लिबर्टी विमान इंजिन घालून ती बांधायला घेतली होती. १९२४ मध्ये तो मॉन्झाला शर्यतीत मरण पावला. वेल्श इंजिनिअर पॅरी थॉमसने ती १२५ पौंडांना घेतली, बदलली आणि एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी १७१.०२ मैल (सुमारे २७५ किमी) काढले. ३ मार्च १९२७ रोजी त्याच वाळूवर तो तिच्यात मरण पावला. लोकांनी गाडी तिथेच किनाऱ्यावर पुरून टाकली.

१९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या वेल्श तंत्रशिक्षकाने परवानग्या मिळवून ती उकरून काढली. पत्रा गंजून गेला होता, बरंचसं लोखंड मात्र टिकून होतं. त्याने वर्षानुवर्षं एकेक भाग सोडवला, जे गेलं ते नवं केलं, आणि एक दिवस ते इंजिन पुन्हा चालू झालं. पेंडाइनच्या संग्रहालयात उन्हाळ्यात ती पाहायला मिळते. तिला पुरलं होतं तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर.